किती पॉइंट्स आले ते नंतर, कुठून आले ते आधी बघा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय.

फँटसी प्रीमियर लीगच्या ३८ गेमवीकपैकी निम्मे संपत आले की मला हमखास एक मेसेज येतो, "दादा, सगळ्यात जास्त पॉइंट्सवाले कोण? तेच घेऊन टाकतो." माझं उत्तर ठरलेलं असतं. थांब जरा. कारण याच नादात मी स्वतः आपटलोय.

८ मार्च २०२५. साउथॅम्प्टनविरुद्धची मॅच संपली तेव्हा मो सालाहचे लीगमध्ये २९ सामन्यांत २७ गोल झाले होते. मी मिनी-लीगमध्ये पहिला होतो. म्हटलं, आता शेवटपर्यंत डोळे मिटून हाच कॅप्टन. उरलेल्या ९ सामन्यांत त्याने गोल केले फक्त २. मी चौथा आलो आणि बिर्याणीचं बिल माझ्या गळ्यात पडलं.

हालांडचंही असंच झालं होतं. २०२२ च्या वर्ल्ड कपसाठी लीग थांबली तेव्हा त्याचे १३ सामन्यांत १८ गोल होते. नंतरच्या १८ गोलांना २२ सामने लागले. म्हणजे तो वाईट खेळला का? अजिबात नाही. आधीचा वेगच कुणालाही टिकवता येणारा नव्हता. म्हणून अर्ध्या सीझनचा आकडा दुप्पट करून अंदाज बांधू नका. तो आकडा कशाचा बनलाय ते बघा, आणि ते प्रत्येक पोझिशनला वेगळं असतं.

फॉरवर्ड : गोलला ४ पॉइंट्स. यांचा जवळजवळ सगळा संसार गोलवर चालतो, त्यामुळे चढउतारही सगळ्यात मोठे. इथे एक्सजी बघा, म्हणजे मिळालेल्या संधींवरून साधारण किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज. गोल एक्सजीपेक्षा बरेच जास्त असतील, तर गाडी हळू होण्याची शक्यता धरा. पण हा नियम दगडावरची रेघ नाही हं. २०२४-२५ मध्ये क्रिस वूड "आता थंडावेल" म्हणत मी त्याला घेतलाच नाही. एक्सजीला मागे टाकत पठ्ठ्याने २० गोल केले.

मिडफिल्डर : गोलला ५, असिस्टला ३, क्लीन शीटला १. हा एक जादा पॉइंट किरकोळ वाटतो ना? गणित करा. हालांडचे २०२२-२३ मधले ३६ गोल गुणिले ४, म्हणजे १४४. सालाहचे २०२४-२५ मधले २९ गोल गुणिले ५, म्हणजे १४५! वर १८ असिस्ट. म्हणूनच त्याचे ३४४ पॉइंट्स झाले. फॉर्म गेला तरी जो पेनल्टी आणि कॉर्नर घेतो, त्याला विकायची घाई करू नका.

डिफेंडर : गोलला ६, क्लीन शीटला ४. डिफेंडरने दोन आठवड्यांत दोन गोल मारले की सगळे त्याच्यामागे धावतात. पण हेच पॉइंट्स सगळ्यात कमी भरवशाचे. २०२५-२६ पासून नवा नियम आलाय. टॅकल, इंटरसेप्शन, ब्लॉक आणि क्लिअरन्स मिळून एका मॅचमध्ये १० झाले की २ पॉइंट्स. टीमने दोन गोल खाल्ले तरी ९० मिनिटं खेळणाऱ्या अशा सेंटर बॅकला खेळण्याचे २, वजा १, अधिक २, असे ३ मिळतात. दिसायला साधं, पण आठवड्यामागून आठवडे येत राहतं.

गोलकीपर : तीन सेव्हला १, क्लीन शीटला ४. इथे जास्त डोकं लावू नका. रोज खेळणारा, स्वस्त आणि पुढच्या मॅचेस सोप्या असलेला घ्या आणि विसरून जा.

आणि हो, मिनिटं विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत मॅचेस एकावर एक येतात, कोच खेळाडू फिरवतात. पूर्ण मॅच खेळणारा आता साठाव्या मिनिटाला बाहेर येत असेल, तर पॉइंट्स घसरण्याआधी तोच पहिला इशारा असतो.

आता तुमचा गृहपाठ. एखाद्याला विकण्याआधी त्याचे शेवटचे सहा सामने उघडा आणि तीन गोष्टी तपासा : मिनिटं, संधी, पेनल्टी. तिन्ही पूर्वीसारख्याच असतील आणि फक्त पॉइंट्स आटले असतील, तर ठेवा. तिन्ही घटल्या असतील, तर नाव कितीही मोठं असो, निरोप द्या. पण जादा ट्रान्सफरचे ४ पॉइंट्स कापले जातात, तेव्हा रागाच्या भरात नको.

हिवाळ्यात तिकडे शनिवारी साडेबाराची पहिली मॅच असेल, तर डेडलाइन आपल्याकडे दुपारी साडेचारची. जेवून झोपायच्या आधी टीम लावा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!