खालच्या मामींची कारडै

दहावीचं वर्ष. पहाटेचे साडेचार वाजलेले, भूमितीची वही उघडी आणि माझे डोळे मिटलेले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून वास आला. भाजलेल्या तांदळाचा, गुळाचा, वेलचीचा आणि ओल्या केळीच्या पानाचा. जिन्यावरून डोकावले तर मामी अंघोळ करून, नऊवारी नेसून दारात रांगोळी काढत होत्या. "अभ्यास करून राहिली का झोपून राहिली?" त्यांनी विचारलं. दहा मिनिटांनी वाटीत एक गरम चकती आणि तिच्यावर वितळणारं लोणी. त्या पेपरला मला किती मार्क पडले ते इथे महत्त्वाचं नाही!

मामी धरमपेठेतल्या आमच्या जुन्या तीन मजली बिल्डिंगीत तळमजल्यावर राहतात. त्या आमच्या कुणाच्याच मामी नाहीत. तामिळ घरांत मोठ्या बाईला मामी म्हणतात, आणि आपल्यालाही शब्द ओळखीचाच, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना मामी म्हणते. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा त्यांचे सासरे सरकारी नोकरीत इथे आले. १९५६ मध्ये राजधानीपण गेलं, हे कुटुंब मात्र राहिलं. शंकरनगरचं सरस्वती विद्यालय साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटीचं आहे, सेमिनरी हिल्सवर बालाजीचं देऊळ आहे. आपण समोरून रोज जातो, पण ही माणसं इथे कधी, कशी आली असा विचार करत नाही. मामी तर तामिळ फक्त माहेरच्यांशी बोलतात. भांडायला त्यांना नागपुरी मराठीच लागते.

तर त्या चकतीचं नाव कारडै. सण कारडैयान नोंबु. तामिळ पंचांग सूर्यावर चालतं, त्यामुळे तारीख फारशी हलत नाही. सूर्य कुंभेतून मीनेत जातो, माशी महिना संपून पंगुनी लागतो, तो दिवस १४ किंवा १५ मार्चच्या आसपास. आणि पूजा नेमकी त्या बदलाच्या वेळी. तो क्षण पहाटे आला तर पहाटे, रात्री आला तर रात्री. तोवर बाईचा उपास. मग गळ्यात हळदीचा पिवळा दोरा बांधायचा आणि कारडै खायची. माशीत बांधलेल्या दोऱ्यावर शेवाळ चढतं, म्हणजे तो तेवढा टिकतो, अशी त्यांच्यात म्हण आहे. म्हणून माशी संपायच्या आत बांधायची घाई.

हे सगळं कुणासाठी? सावित्रीसाठी. हो, तीच, आपल्या वटपौर्णिमेची, महाभारतातल्या वनपर्वातली. आपल्याकडे ज्येष्ठात वडाला फेऱ्या, त्यांच्याकडे मार्चात वाफवलेली अडै. रानात सावित्रीकडे जे काही धान्य होतं त्याचाच तिने नैवेद्य केला, अशी त्यांच्याकडची कथा. मामी इडलीपात्राच्या तळाशी पाण्यात थोडं तणससुद्धा टाकायच्या, दूधवाल्याकडून मागून आणलेलं. रानातल्या चुलीची आठवण म्हणून.

आमच्याकडे वाफवलेलं गोड म्हणजे फार तर नागपंचमीची दिंडं. गणपतीचे मोदकसुद्धा तळणीचे, आत सुकं खोबरं. त्यामुळे माझ्यासाठी मार्च म्हणजे परीक्षा आणि कारडै, असं पहिलीपासून ठरलेलं होतं.

मग मी बारावीत असताना मामा गेले. पुढच्या मार्चात वास आला नाही. मी गाढवासारखी खाली जाऊन विचारलं, "मामी, या वर्षी कारडै नाही?" त्या म्हणाल्या, "आता नाही करत गं." आणि चहा टाकला. वर आल्यावर आईने सांगितलं, हे सवाष्णींचं व्रत असतं. कुमारिका करतात, पण नवरा गेलेली बाई नाही करत.

मला एकदम हेरवाड आठवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो कित्ता इतरांनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. कॉलेजात आम्ही त्यावर तावातावाने बोललो होतो. त्यात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र, जोडवी, सगळं होतं. पण एखादीच्या स्वयंपाकघरातून एक पदार्थही निघून जातो, हे कुठल्या ठरावात येणार?

आणि माझी पंचाईत वेगळीच. वटपौर्णिमेवरून मी आईशी दरवर्षी भांडते. नवऱ्यासाठी उपास हा प्रकारच मला पटत नाही. मग त्याच उपासाच्या पदार्थासाठी जीव का टाकायचा? दोन वर्षं मी हा प्रश्न टाळला. मागच्या जुलैत, धो धो पाऊस, कॉलेजला दांडी, तेव्हा खाली गेले आणि म्हटलं, "मामी, मला शिकवा." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वेळ नाही, पूजा नाही. त्याला कारडै म्हणत नसतात. ती नुसती अडै."

"मग नुसती अडै करू."

गोकुळपेठ मार्केटातून नारळ आणि केळीची पानं आणली. तांदूळ भिजवून, निथळून, पंचावर पसरून, दमट असतानाच मिक्सरमधून काढले. खरी परीक्षा पीठ भाजण्यात. मला पाच मिनिटांतच वाटलं झालं. मामींनी चिमूटभर पीठ ओट्यावर सोडलं, त्याचे गोळे पडले. "रांगोळी पडली पाहिजे," त्या म्हणाल्या. आणखी बराच वेळ मंद आचेवर हलवल्यावर चिमटीतून सरळ, न तुटता रेघ उमटली. मार्चात दारात रांगोळी काढणारे तेच हात.

मग एक वाटी पिठाला एक वाटी गूळ, दोन वाट्या पाणी. गूळ विरघळवून गाळायचा, त्याला उकळी आली की शिजलेली बरबटी (पुणेकरांनो, चवळी), खोबऱ्याचे बारीक तुकडे आणि वेलची, मग पीठ. गोळा घट्ट झाला की तुपाच्या हाताने पानावर थापायचा, मधे बोटाने भोक, म्हणजे वाफ आतपर्यंत जाते. बारा-पंधरा मिनिटं. जोडीला तिखटाचीही अडै करतात, गुळाऐवजी मीठ, मोहरी-मिरची-कढीपत्त्याची फोडणी. माझ्या चकत्या नकाशातल्या जिल्ह्यांसारख्या झाल्या. तणस मात्र मामींनी टाकू दिलं नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

तेवढ्यात त्यांच्या मुलीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. ती तिथे नोंबु करते; इथली पहाट म्हणजे तिथली आदल्या दिवसाची संध्याकाळ, त्यामुळे ऑफिसातून येऊन आरामात. कॅमेऱ्यात इडलीपात्र बघून ती गप्पच झाली. मला वाटलं, आता काही बोलते. ती म्हणाली, "अम्मा, लोणी कुठाय?"

लोणी विसरलो होतो. मामी तोवर तिखटाची अडै तोडून खात होत्या. "गोड यांना आवडायचं. मला पहिल्यापासून हीच," त्या म्हणाल्या. "ताटात दोन्ही असायच्या ना, म्हणून कुणाला कळलं नाही."

मी छत्री घेऊन डेअरीत पळाले. परत आले तेव्हा गोडाची ताटली तशीच झाकलेली होती, आणि तिखटाची रिकामी.