तिहुआना येथील पर्यायी कर्करोग उपचारकेंद्रे

तिहुआना येथील पर्यायी कर्करोग उपचारकेंद्रे ही मेक्सिकोच्या बाहा कालिफोर्निया राज्यातील तिहुआना शहरात व त्याच्या दक्षिणेस असलेल्या रोसारितो या किनाऱ्यावरील गावाच्या परिसरात १९६० च्या दशकापासून उभी राहिलेली खासगी रुग्णालये व दवाखाने होत. रोग बरा होण्याची शक्यता उरलेली नाही असे स्वदेशातील डॉक्टरांनी सांगितलेले अनेक रुग्ण, विशेषतः अमेरिकेतील, येथे येतात. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे आखलेला उपचार हे या केंद्रांचे एक प्रमुख आश्वासन असते. येथे प्रसिद्धीस आलेल्या लेट्राइल, गर्सन, हॉक्सी व केली या पद्धतींपैकी एकही कर्करोगावर गुणकारी असल्याचे सिद्ध झालेले नाही.

इतिहास

तिहुआना हे अमेरिकेच्या सान डियेगो शहराला लागून असलेले सीमेवरचे शहर आहे. अमेरिकेत बंदी आलेल्या किंवा मान्यता न मिळालेल्या उपचारांना सीमेपलीकडे जागा मिळाली आणि रुग्णांना मोटारीने काही तासांत तेथे पोहोचता येऊ लागले. हॅरी हॉक्सी यांच्या वनस्पतिजन्य औषधांच्या विक्रीवर अमेरिकेत १९६० साली बंदी आली. त्यानंतर १९६३ मध्ये त्यांच्या सहकारी परिचारिका मिल्ड्रेड नेल्सन यांनी तोच उपचार तिहुआनात सुरू केला. त्याच दशकात एर्नेस्तो कोन्त्रेरास या मेक्सिकन डॉक्टरांनी लेट्राइलचा वापर सुरू केला. लेट्राइल हे जर्दाळूच्या बियांत आढळणाऱ्या अमिग्डालिनशी संबंधित द्रव्य असून ते पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड हे विष निर्माण होऊ शकते. जर्मनीत जन्मलेले डॉक्टर मॅक्स गर्सन यांची फळे-भाज्यांचे रस आणि कॉफीचा एनिमा यांवर आधारलेली पद्धत त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कन्या शार्लोट गर्सन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे आणली.

'व्यक्तिगत' उपचाराचे स्वरूप

रूढ वैद्यकात एकाच प्रकारच्या व टप्प्याच्या कर्करोगासाठी बहुधा ठरलेली उपचारपद्धती वापरली जाते. ती थकल्यावर रुग्णाला आपण केवळ एक आकडा आहोत असे वाटू लागते. विल्यम डोनाल्ड केली या अमेरिकन दंतवैद्याने मांडलेली पद्धत नेमकी याच्या उलट भूमिका घेणारी होती. माणसांचे चयापचयानुसार वेगवेगळे प्रकार असतात असे मानून प्रत्येकासाठी निराळा आहार, जीवनसत्त्वे, स्वादुपिंडातील विकरे आणि एनिमा यांची योजना त्यांनी सुचवली.

अशा उपचारांचे मूल्यमापन करणे अवघड असते. प्रत्येकाचा उपचार वेगळा असल्यास कोणाची तुलना कोणाशी करायची, हा प्रश्न उभा राहतो. परिणामी वाचलेल्या रुग्णांच्या कहाण्या हाच मुख्य पुरावा ठरतो. ज्यांना गुण आला नाही ते सांगण्यासाठी उरत नाहीत.

स्टीव्ह मॅकक्वीन

अमेरिकन चित्रपट अभिनेते स्टीव्ह मॅकक्वीन यांना डिसेंबर १९७९ मध्ये मेसोथेलियोमा या फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचे निदान झाले. हा रोग प्रामुख्याने ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे होतो. १९८० च्या सुरुवातीस तो शरीरात पसरल्याचे आढळले. जुलै १९८० मध्ये ते केली यांच्या देखरेखीखाली उपचार घेण्यासाठी रोसारितो येथे गेले. लेट्राइल, प्राण्यांच्या पेशींची इंजेक्शने, विकरे व कॉफीचा एनिमा यांचा त्या उपचारांत समावेश होता. ऑक्टोबरमध्ये, आपला जीव वाचवल्याबद्दल आभार मानणारा त्यांचा ध्वनिमुद्रित संदेश मेक्सिकोत प्रसारित झाला. नोव्हेंबरमध्ये पोटातील गाठी काढण्यासाठी मेक्सिकोतीलच सिउदाद हुआरेझ येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यांचे हृदय ती सहन करू शकणार नाही, असा इशारा अमेरिकन डॉक्टरांनी आधीच दिला होता. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच, ७ नोव्हेंबर १९८० रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

नागरी हक्क चळवळीतील नेत्या कोरेटा स्कॉट किंग यांचे निधनही ३० जानेवारी २००६ रोजी रोसारितो येथील एका पर्यायी उपचारकेंद्रात झाले. त्यांना बीजांडकोशाचा कर्करोग होता. त्यानंतर काही दिवसांतच मेक्सिकोच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी ते केंद्र बंद केले.

शास्त्रीय चाचण्या

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या लेट्राइलच्या चाचणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. १७८ रुग्णांच्या या पाहणीत रोग बरा होणे, तो थांबणे, लक्षणे कमी होणे किंवा आयुष्य वाढणे यांपैकी कोणताही ठोस लाभ दिसला नाही. काही रुग्णांत सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे मात्र आढळली.

केली यांच्या पद्धतीतून न्यूयॉर्कचे डॉक्टर निकोलस गोन्झालेझ यांनी विकसित केलेल्या उपचाराचीही चाचणी झाली. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ५५ रुग्णांनी हा उपचार किंवा केमोथेरपी यांपैकी आपल्या पसंतीचा पर्याय निवडला. केमोथेरपी घेणाऱ्यांच्या आयुर्मानाचा मध्यक १४ महिने, तर विकरांचा उपचार घेणाऱ्यांचा ४.३ महिने इतका होता. केमोथेरपी घेणाऱ्यांचे जीवनमानही अधिक चांगले राहिले. गर्सन व हॉक्सी पद्धतींना विश्वासार्ह नियंत्रित चाचणीचा आधार नाही.

भाकिताचा अर्थ

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत ही सहसा मध्यक असते. निम्मे रुग्ण त्याआधी दगावतात आणि निम्मे त्यानंतरही जगतात. त्यांतील काही तर पुष्कळ काळ जगतात. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा मेसोथेलियोमा झाला. या रोगात निदानानंतरच्या आयुर्मानाचा मध्यक आठ महिने असल्याचे त्यांना वाचनातून कळले. रूढ वैद्यकातील उपचार घेऊन ते आणखी वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये दुसऱ्या एका कर्करोगाने वारले. आठ महिन्यांचा मध्यक म्हणजे आपल्याला आठच महिने मिळणार असे नव्हे, हे त्यांनी १९८५ मधील एका निबंधात स्पष्ट केले. सांगितलेल्या मुदतीपेक्षा अधिक जगलेला रुग्ण कोणत्याही उपचारकेंद्रात सापडू शकतो. तेवढ्यावरून तेथील उपचार गुणकारी ठरत नाही.

चाचणीतून सिद्ध झालेले वैयक्तिकृत उपचार

'वैयक्तिकृत उपचार' ही संज्ञा आधुनिक कर्करोगशास्त्रातही वापरली जाते, परंतु तिचा अर्थ वेगळा आहे. येथे गाठीतील जनुकीय बदल तपासून त्यावर नेमके काम करणारे औषध निवडले जाते. कार-टी या उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशींमध्ये जनुकीय बदल घडवून त्या त्याला परत दिल्या जातात. प्रत्येकासाठी औषध वेगळे बनत असले तरी पद्धत एकच असल्याने तिचे परिणाम मोजता येतात. अमेरिकेत असा पहिला उपचार २०१७ मध्ये मान्य झाला. मुंबईतील आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार१९ या उपचारास भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे रक्ताच्या काही कर्करोगांसाठी हा उपचार परदेशी न जाता उपलब्ध झाला. घन गाठींच्या बहुतेक कर्करोगांवर तो अद्याप लागू पडत नाही.

पर्याय

रोग बरा होणार नाही याचा अर्थ उपचार संपले असा होत नाही. बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना व त्रास कमी करणारी शुश्रूषा, मिळालेल्या रुग्णांचे जीवनमान अधिक चांगले राहिले आणि त्यांच्यात नैराश्य कमी आढळले. अखेरच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी घेऊनही त्यांच्या आयुर्मानाचा मध्यक ११.६ महिने होता. इतरांचा तो ८.९ महिने होता. दूरच्या केंद्रात जाणाऱ्या रुग्णाचा पैसा व प्रवासाची शक्ती खर्च होतेच, शिवाय अशी शुश्रूषा व आप्तांचा सहवास यांसाठी उरलेला वेळही कमी होतो.

हेही पहा

कर्करोग
लेट्राइल
मेसोथेलियोमा
पॅलिएटिव्ह केअर
टाटा स्मारक केंद्र