दिसेपर्यंत थांबलं तर: जुन्या प्यूजो 205 जीटीआयचा मागचा अ‍ॅक्सल

आज आपण एका जुन्या फ्रेंच मोटारीच्या झिजलेल्या मागच्या अ‍ॅक्सलबद्दल बोलणार आहोत. तो झिजतो का, झिजला हे ओळखायचं कसं, आणि बदलायचा कसा. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. पण जी वस्तू बंद नळीच्या आत आहे, डोळ्यांना दिसत नाही, तिच्याविषयी निर्णय कसा घ्यायचा, हा प्रश्न मुळात न्यायशास्त्राचाच आहे. इथे निर्णयाला उशीर झाला तर तो खिशाला कळतो, आणि वळणावर जिवालाही कळू शकतो.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. प्यूजो कंपनीची 205 ही छोटी गाडी 1983 साली आली. 1984 मध्ये तिची जीटीआय आवृत्ती आली: 1.6 लिटरचं इंजिन, 105 अश्वशक्ती. 1986 मध्ये 1.9 लिटरचं, 130 अश्वशक्तीचं इंजिन मिळालं. गाडीचं वजन मात्र 900 किलोच्या आतच. मागे वर उघडणारं दार, चार माणसं, बाजाराच्या पिशव्या, आणि तरीही रस्त्यावर चपळ. अशा गाड्यांना ‘हॉट हॅच’ म्हणतात. ही गाडी भारतात विकली गेली नाही. पण 1990च्या दशकात आपल्याकडे कल्याणला प्यूजो 309 तयार होत असे, तिच्या मागच्या चाकांची रचना याच घराण्यातली. त्यामुळे आपल्यापैकी काहींनी तिचे धक्के आणि सुख दोन्ही अनुभवलं असेल.

आता रचना बघू. गाडीच्या मागच्या बाजूला, खालून, एक जाड पोलादी नळी आडवी बसवलेली असते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक दांडा मागे गेलेला असतो आणि त्या दांड्याच्या टोकाला चाक असतं. चाक वरखाली होतं तेव्हा दांडा नळीच्या टोकाशी, दाराच्या बिजागरीसारखा, फिरतो. इथे गोल गुंडाळलेली स्प्रिंग नसते. तिच्याऐवजी टॉर्शन बार असतात, म्हणजे पीळ खाणाऱ्या पोलादी सळया. एक नळीच्या पुढे, एक मागे. खड्डा आला की सळई पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते. नळीच्या पोटातून अँटी-रोल बार जातो. शॉकअ‍ॅब्सॉर्बरसुद्धा या सांगाड्यालाच आडवे बसवलेले. या सगळ्यामुळे गाडीत सामानाला भरपूर जागा मिळाली, कारण उभ्या स्प्रिंगा डिकीत घुसत नाहीत. कल्पना हुशारीची आहे, यात वाद नाही.

नाजूक जागा आहे ती बिजागरीची. दांड्यात घट्ट ठोकलेली पिन नळीच्या तोंडात शिरते आणि तिथे नीडल बेअरिंगवर फिरते. सुयांसारखे बारीक पोलादी रोलर, प्रत्येक बाजूला अशी दोन बेअरिंगं. आता लक्षात घ्या, ही पिन पूर्ण फेरा कधीच घेत नाही. ती थोडी पुढे, थोडी मागे, एवढीच हलते. म्हणजे वर्षानुवर्षं त्याच सुया त्याच जागी घासतात. जोपर्यंत आत वंगण आहे तोपर्यंत हे निभावतं. पण तोंडाशी असलेलं रबरी सील म्हातारं झालं की पाणी आत शिरतं. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेही पाण्याबरोबर जातं. वंगण निघून जातं, सुया गंजतात, तुटतात, आणि करवतीसारख्या पिन कापू लागतात. ज्या गाड्या नुसत्या उभ्या राहतात, त्यांचीही यातून सुटका नाही.

हे सगळं आत घडतं. बाहेर काय दिसतं? चाक वरच्या बाजूने आत झुकतं. टायर आतल्या कडेने जास्त झिजतो. खड्ड्यातून जाताना मागून करकर ऐकू येते. फारच वाढलं तर टायर आतल्या पत्र्याला घासतो. काही वेळा उलटंही होतं: गंजून दांडा अडकतो आणि गाडीची मागची बाजू लाकडासारखी कडक होते.

इथे आपल्याला वात्स्यायनाची मदत घेता येते. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. नदीला पूर आलेला दिसला, तर वर कुठेतरी पाऊस पडला असणार. झुकलेलं चाक हा आपला पूर आहे, झिजलेली पिन हा वरचा पाऊस.

पण न्यायसूत्रांतच पूर्वपक्षी विचारतो: खाली कोणी बांध घातला म्हणूनही पाणी चढू शकतं, मग तुमच्या अनुमानाचं काय? त्याला दिलेलं उत्तर कोणत्याही मेकॅनिकने भिंतीवर लावावं असं आहे. नुसतं चढलेलं पाणी हा हेतूच नव्हे. पावसाच्या पुराचा ओघ जोराचा असतो, त्यात फेस असतो, पानं, फळं, लाकडं वाहत येतात. म्हणजे खूण नेमकी घ्या, ढोबळ घेऊ नका.

चाकाच्या बाबतीत हेच करायचं. चाक हलतंय एवढ्यावरून अ‍ॅक्सल गेला असं ठरवू नये. चाकाचं स्वतःचं बेअरिंग गेलं तरी ते हलतं. त्यासाठी गाडीची मागची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवायची, टायर वर आणि खाली धरून हलवायचा, आणि दुसऱ्या माणसाने आत बघायचं. दांडा स्थिर राहून फक्त चाक डुलत असेल, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. दांडाच नळीच्या तोंडाशी हलत असेल, तर दोष बिजागरीचा. डाव्या-उजव्या बाजूची तुलनाही करावी, कारण या गाडीची मागची चाकं नवी असतानाही अगदी काटकोनात उभी नसतात. शेषवताचा दुसरा अर्थ वात्स्यायन देतो तो हाच: एकेक शक्यता वगळत जायचं आणि जे उरेल ते स्वीकारायचं.

काही मंडळी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? खोलून बघू, प्रत्यक्ष दिसेल. प्रत्यक्षाला आम्हीही मान देतो. पण इथे प्रत्यक्षाची किंमत फार आहे, कारण झीज पायरीपायरीने चढते. पहिल्या पायरीवर फक्त सील आणि बेअरिंगं गेलेली असतात; ती बदलली की काम भागतं. दुसऱ्या पायरीवर सुयांनी पिन कापलेली असते. मग पिन दाबयंत्राने काढून नवी बसवावी लागते. तिसऱ्या पायरीवर नळीचं तोंडच आतून खरवडलं जातं. मग बेअरिंगला घट्ट बसायला जागाच उरत नाही, आणि नळी भंगारात जाते. चाक लांबूनसुद्धा वाकडं दिसायला लागतं तेव्हा गाडी बहुधा पहिली पायरी सोडून पुढे गेलेली असते. म्हणून इथे जो अनुमानावर पाऊल उचलतो त्याचा अ‍ॅक्सल वाचतो, आणि जो खात्री पटेपर्यंत थांबतो त्याला खात्री तेवढी मिळते.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. ही गाडी वळणात अचानक पाय उचलला की मागून फिरायला बघते, म्हणून ती प्रसिद्धच आहे. ठणठणीत अ‍ॅक्सल असताना चालकाला त्याचा अंदाज असतो. बिजागरीत खेळ आला की तो अंदाज जातो.

बदलायचं ठरलं तर बहुतेक जण संपूर्ण अ‍ॅक्सल उतरवून दुरुस्त केलेला दुसरा बसवतात. भंगारातल्या गाडीचा जुना अ‍ॅक्सल स्वस्त पडतो, पण तोही त्याच वयाचा असतो, हे विसरू नये. शिवाय 1.6च्या गाडीला मागे ड्रम ब्रेक, 1.9ला डिस्क, 309चा अ‍ॅक्सल रुंद. तेव्हा घेण्याआधी जोडी जुळते का ते बघावं.

काम असं चालतं. चारही बोल्टांवर गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशीच घालून ठेवायचं. या वयात बोल्ट तुटणं ही नेहमीची गोष्ट आहे. पुढच्या चाकांना अडणी लावायची, कारण हँडब्रेक सोडावा लागणार. स्टँड गाडीच्या अंगाखाली लावायचे, अ‍ॅक्सलखाली नव्हे. अ‍ॅक्सल तर खाली येणार आहे. खाली टांगलेली स्टेपनी आणि तिचा पिंजरा काढायचा, सायलेन्सर उतरवायचा. हँडब्रेकच्या केबल आणि ब्रेकच्या रबरी नळ्या सोडवून तोंडं बंद करायची. मग अ‍ॅक्सलच्या मधोमध जॅकचा आधार देऊन, पुढचे दोन आणि मागचे दोन असे रबरी जोड सोडवायचे आणि सगळा सांगाडा सावकाश खाली घ्यायचा. तो चांगलाच जड असतो, एकट्याने करू नये. ते रबरी जोड याच वेळी नवे घालावेत.

अ‍ॅक्सल उघडणारच असाल तर एक सूचना. टॉर्शन बारच्या दोन टोकांना दातांची संख्या वेगळी असते. सळई किती दात पुढे-मागे बसली यावर गाडीची उंची ठरते. म्हणून काढण्यापूर्वी खुणा करून ठेवाव्यात, आणि डावी सळई उजवीकडे घालू नये. नवा अ‍ॅक्सल चढला की ब्रेकमधली हवा काढायची, हँडब्रेक जुळवायचा, आणि पहिला फेरा रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगाने, ब्रेक तपासत.

आता कोणी विचारेल, अ‍ॅक्सल बदलल्यावर ही तीच गाडी का? मिलिंदपञ्हामध्ये नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल असंच एकेक विचारतो, आणि त्या यादीत अक्षसुद्धा आहे. अक्ष म्हणजे रथ का? राजा नाही म्हणतो. त्यावर बौद्ध म्हणतील, रथ हे नुसतं नाव आहे. वैशेषिक म्हणतील, अवयवांहून वेगळा अवयवी आहे. हा वाद पुढच्या व्याख्यानासाठी ठेवू. मालकापुरतं एवढं पुरे, की झिजलेला अक्ष तसाच ठेवून कुठलाच रथ राहत नाही.

आपल्याकडे गाडीवान वंगण बरोबर बाळगत असे आणि आस करकरला की थांबून घालत असे. या मोटारीच्या आसाला मूळ रचनेत वंगण घालायला वाटच ठेवलेली नाही. म्हणून दुरुस्ती करणारे काही कारागीर आता नळीला ग्रीस निपल बसवून देतात. शक्य असेल तर ते बसवून घ्या, आणि चाक कुठल्याही कारणाने जमिनीवरून उचललं गेलं की एकदा वर-खाली हलवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.