प्राचीन रोमन कायद्यातील आणीबाणीची तरतूद : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
राजेशाहीच्या अंतानंतर सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती एकवटू नये म्हणून रोमन प्रजासत्ताकाने दरवर्षी दोन कॉन्सल निवडण्याची पद्धत स्वीकारली. प्रत्येकास दुसऱ्याचा निर्णय रोखण्याचा अधिकार होता. शांततेच्या काळात हितावह असणारी ही विभागणी युद्धप्रसंगी अडचणीची ठरू शके. या अडचणीवरील उपाय म्हणजे ‘डिक्टेटर’ हे पद होय.

डिक्टेटर पद :
सामान्यतः सिनेटच्या सल्ल्याने कॉन्सल डिक्टेटरची नेमणूक करीत असे. म्हणजेच संकटाचा निर्णय घेणारी संस्था आणि असाधारण अधिकार वापरणारी व्यक्ती भिन्न असे. पदाची कमाल मुदत सहा महिने होती. मात्र नेमून दिलेले कार्य संपताच पदत्याग करणे अपेक्षित असे. परंपरेनुसार इ. स. पू. ४५८ मध्ये सिन्सिनेटसने सोळाव्या दिवशी पद सोडले. इ. स. पू. २१७ मध्ये त्रासिमेनो सरोवराकाठी हॅनिबलने रोमन सैन्याचा धुव्वा उडविला. तेथे एक कॉन्सल मारला गेला व दुसरा रोमपासून दूर होता. तेव्हा फॅबियस मॅक्सिमसची निवड लोकमताने करण्यात आली. नियमाला अपवाद करतानाही जनतेची संमती आवश्यक मानली गेली, हे येथे लक्षणीय आहे.

सिनेटचा अंतिम ठराव :
इ. स. पू. २०२ नंतर हे पद वापरातून गेले. इ. स. पू. १२१ मध्ये गायस ग्रॅकसविरुद्ध सिनेटने वेगळा मार्ग अवलंबिला. राज्याला हानी पोहोचू नये याची दक्षता कॉन्सलने घ्यावी, असा ठराव तिने केला. त्यात ना मुदत होती, ना अधिकारांची निश्चित व्याख्या. मृत्युदंडाविरुद्ध जनतेकडे दाद मागण्याचा नागरिकांचा हक्क अशा वेळी टिकतो काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. इ. स. पू. ६३ मध्ये कॉन्सल सिसेरोने कॅटिलिनाच्या पाच साथीदारांना खटल्याविना देहदंड दिला, त्याबद्दल इ. स. पू. ५८ मध्ये त्याला हद्दपारी भोगावी लागली.

निष्कर्ष :
इ. स. पू. ८२ मध्ये सुल्लाने डिक्टेटर पद पुनरुज्जीवित केले, पण मुदतीविना. पुढे त्याने स्वेच्छेने ते सोडले. तथापि कायद्याचे बंधन व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून राहिले. इ. स. पू. ४४ मध्ये सीझर आजीव डिक्टेटर झाला. त्याच्या हत्येनंतर अँटनीने कायद्याने हे पदच रद्द केले, परंतु प्रजासत्ताक वाचले नाही. तात्पर्य, असाधारण अधिकारांपेक्षा त्यांच्यावरील मुदत, नेमणूक व उत्तरदायित्वाची बंधने हीच रोमन व्यवस्थेची खरी सुरक्षितता होती. ती बंधने सैल होताच संकटावरील उपायच संकट बनला.