प्रतिवाद कोणाचा, कशाचा?

‘पाणीपट्टी वाढवल्यावर वसुली सुधारल्याचा प्रतिवाद आयुक्तांनी केला.’ वाक्य मी बनवलेले आहे, पण त्याची जातकुळी वाचकांच्या ओळखीची असेल. आता सांगा, आयुक्त नेमके काय म्हणाले? वसुली सुधारली असे म्हणाले, की सुधारल्याचे कोणी म्हटले ते त्यांनी खोडून काढले? वाक्य चारदा वाचले तरी उलगडा होत नाही.

गोची ‘सुधारल्याचा’मधल्या ‘चा’पाशी आहे. ‘सुधारल्याचा दावा केला’ यात सुधारणा हे बोलणाऱ्याचे म्हणणे. ‘सुधारल्याचा इन्कार केला’ यात ते दुसऱ्याचे. प्रतिवादात मात्र दोघांचेही म्हणणे असते, त्यामुळे ‘चा’च्या मागे कोणाचे ठेवायचे हे ठरवावे लागते. मराठीची रूढ चाल अशी की ‘चा’मागे समोरच्याचे म्हणणे येते आणि आपले म्हणणे ‘असा’ लावून सांगतात. ‘वसुली घटल्याच्या आरोपाचा आयुक्तांनी प्रतिवाद केला’ हे स्वच्छ. ‘वसुली उलट सुधारली आहे, असा प्रतिवाद आयुक्तांनी केला’ हेही स्वच्छ. दोन्हींची खिचडी झाली की आयुक्त कोणत्या बाजूचे, तेच कळेनासे होते.

जाता जाता आणखी एक. ‘प्रतिवाद दिला’ हे कानाला खटकते, कारण द्यायचे ते उत्तर. प्रतिवाद करायचा असतो. ‘त्यांना प्रतिवाद केला’ हेही नको. उत्तर माणसाला देतात, प्रतिवाद त्याच्या म्हणण्याचा करतात.

विरोध आणि प्रतिवाद यांची सरमिसळ तर फारच होते. ‘झाडे तोडण्याचा प्रतिवाद केला’ असे मराठीत म्हणता येत नाही. झाडे तोडायला विरोध होतो. प्रतिवाद व्हायला आधी कोणीतरी काहीतरी मांडलेले असावे लागते. (बंगालीत हाच शब्द निषेध या अर्थाने चालतो. तिथले लोक रस्त्यावर उतरून ‘प्रतिबाद’ करतात. आपण तसे केले तर लोक विचारतील, कुणाच्या मुद्द्याचा?)

हा फरक पाहायला १८९१चे संमतिवयाचे विधेयक घ्यावे. पत्नीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणाऱ्या त्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आपल्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, ही त्यामागची एक भूमिका. पण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत ग्रंथांच्या आधारे सुधारणेची बाजू मांडली, तेव्हा टिळकांनी शास्त्रार्थाच्याच पातळीवर त्यांच्या मांडणीचा प्रतिवाद केला. म्हणजे माणूस एकच आणि वादही एकच, पण विधेयकाला विरोध झाला आणि भांडारकरांच्या मांडणीचा प्रतिवाद. त्यात बरोबर कोण, हा प्रश्न वेगळा. त्याबाबत मी विधेयकाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आगरकरांच्या बाजूचा आहे.

आरोप ‘फेटाळणे’ हाही प्रतिवाद नव्हे. ‘यात काही तथ्य नाही’ एवढे बोलून पुढारी गाडीत बसले, तर त्यांनी आरोप फेटाळला किंवा त्याचा इन्कार केला, इतकेच लिहावे. कारण दिले नाही तोवर प्रतिवाद हा शब्द त्यांना बहाल करू नये. बातमीदार तो फार उदारपणे वाटतात.

या बाबतीत दिवाणी न्यायालय वर्तमानपत्रांपेक्षा काटेकोर आहे. वादी दावा लावतो, प्रतिवादी लेखी कैफियत देतो. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची. कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आठवा आदेश सांगतो की सगळे सरसकट नाकबूल करून भागत नाही, एकेक विधान घेऊन नाकारावे लागते. जे स्पष्ट नाकारले नाही ते सामान्यतः कबूल धरले जाते. मोघम नाकारण्यावरही तिथे नेम आहे. ‘तुम्ही अमुक रक्कम घेतलीत’ असा आरोप असेल, तर ‘तेवढी घेतली नाही’ हे उत्तर पुरत नाही. ती रक्कम किंवा तिचा काही भागही घेतला नाही असे म्हणावे लागते, नाहीतर किती घेतली ते सांगावे लागते. टीव्हीवरच्या चर्चांना हा एक नियम लावला तर अर्धे पाहुणे गप्प बसतील. प्रतिवादीने वादीवर उलट मागणी ठोकली तर तो ‘प्रतिदावा’, तो शब्द निराळा. आणि खुनाच्या खटल्यात प्रतिवादी नसतो, आरोपी असतो. तिथे बाजू मांडतो तो बचाव पक्ष.

आपल्याकडच्या नैयायिकांनी ही चिरफाड फार पूर्वी केली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत तत्त्व समजून घेण्यासाठी होणारा तो वाद, जिंकण्यासाठी होणारा तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता नुसते समोरच्याचे पाडण्यासाठी होते ती वितंडा. जल्प आपण विसरलो, वितंडा मात्र ‘वितंडवाद’ होऊन घरोघर नांदते. शब्दच्छलाचे भाष्यकारांचे उदाहरणही झकास आहे. कोणी म्हणाले, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ? मला तर एकच दिसते!

सोसायटीच्या सभेत आजही हेच चालते. तळमजल्यावरचे काका म्हणतात, ‘लिफ्ट आम्ही वापरत नाही, खर्च का द्यायचा?’ यावर ‘लिफ्टमुळे इमारतीतल्या सगळ्याच घरांना भाव येतो, तुमच्याही’ असे म्हटले तर तो प्रतिवाद. ‘मागच्या वर्षी तुमचा मेंटेनन्स थकला होता, तेव्हा?’ हे उणेदुणे काढणे झाले. इतिवृत्तात दोन्हींपुढे ‘सभासदांनी प्रतिवाद केला’ असेच लिहिलेले सापडेल.

घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘आई, मी तुझ्या म्हणण्याचा प्रतिवाद करते’ असे म्हणणारी मुलगी नाटकातच शोभेल. घरात आपण ‘मुद्दा खोडून काढला’ म्हणतो, ‘पटलं नाही, कारण…’ म्हणतो. मुलाने तेच केले की मात्र त्याला ‘उलट बोलणे’ म्हणतात. मुलगा विचारतो, ‘फोनने डोळे बिघडतात, तर तुम्ही रात्री बारापर्यंत काय बघता?’ त्यात चिडवणे आहे, कबूल. डोळे बिघडत नाहीत हे त्याने सिद्ध केलेले नाही, हेही खरे. पण हा नियम सगळ्यांना का नाही, एवढा मुद्दा त्याने नेमका धरला आहे, आणि ‘तोंड वर करून बोलू नकोस’ हे त्याचे उत्तर नव्हे.