विश्लेषण : खरेदीदार दारात, तरीही ‘बिस्लेरी’ का विकली गेली नाही?

नोव्हेंबर २०२२. मुंबईच्या ‘बिस्लेरी’चे मालक, ८२ वर्षांचे रमेश चौहान कंपनी विकायला तयार असल्याची बातमी आली. ‘टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्स’शी बोलणी सुरू होती आणि ६ ते ७ हजार कोटी रुपयांचा आकडा माध्यमांत फिरत होता. चारच महिन्यांत सौदा बारगळला.

विकायची वेळ का आली?
कन्या जयंती यांना या धंद्यात फारसा रस नाही, असे चौहान यांनी तेव्हा सांगितले होते. घरात पुढे सांभाळणारे कोणी नसेल, तर चालता धंदाही विकायला निघतो.

किंमत कशी ठरते?
कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल, तर तिचा रोजचा भाव नसतो. साधारणपणे वार्षिक नफ्याच्या काही पट रक्कम धरून बोलणी सुरू होतात. गोपनीयतेचा करार झाला की खरेदीदाराचे सीए आणि वकील हिशेब, कर, जमिनीची कागदपत्रे, कोर्टातले दावे तपासतात. यालाच ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणतात. अनेक सौदे इथेच अडकतात, कारण पुरवठादारांशी तोंडी ठरलेले दर, जुन्या वितरकांना दिलेला शब्द असे बरेच काही मालकाच्या डोक्यात असते, कागदावर नसते. लहान कारखानदारांनाही हे लागू आहे.

मग जास्त पैसे देणाऱ्याला विकून मोकळे का होऊ नये?
याचे उत्तर चौहान यांच्याच जुन्या सौद्यात आहे. १९९३ मध्ये त्यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे ब्रँड ‘कोका-कोला’ला विकले, बिस्लेरी तेवढी हातची ठेवली. नव्या मालकाकडे स्वतःचा फँटा होता, त्यामुळे गोल्ड स्पॉट बंद झाले. आज पंचविशीत असलेल्यांनी ते चाखलेलेही नसेल. थम्स अपची चव मात्र ग्राहकांनी सोडली नाही आणि २०२१ मध्ये त्याची विक्री १ अब्ज डॉलरवर गेली. म्हणजे विकणाऱ्याने विचारायचा प्रश्न किमतीइतकाच हाही असतो : माझा माल तुम्ही वाढवणार, की वाटेतून दूर करणार? टाटा बिस्लेरी अधिक चांगली जपतील, असे चौहान २०२२ मध्ये म्हणाले होते, ते या पार्श्वभूमीवर.

शेवटी काय झाले?
टाटा कन्झ्युमर शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिला जाहीर खुलासा करावा लागला. १७ मार्च २०२३ रोजी तिने बोलणी थांबल्याचे कळवले. कारण दिले नाही. काही दिवसांतच चौहान यांनी सांगितले, कंपनी विकायची नाही, जयंतीच व्यावसायिक अधिकाऱ्यांच्या साथीने ती चालवतील.