टोळीचा मोबाईल कोणाच्या खिशात?



पुढील हंगामाच्या टोळ्यांच्या करारासाठी आम्ही अकोल्याला जुन्या शहरात गेलो होतो. मोर्णेपलीकडच्या एका गल्लीत एका कोयत्याची चौकशी करायची होती. घरी म्हातारी एकटीच. लेक-सून परजिल्ह्यात उसावर गेलेले, अक्षय तृतीया उलटली तरी पत्ता नाही.

“फोन नाही का करत, मावशी?”

“लेकाचा फोन मुकादमापाशी हाये जी. लावला का थोच उचलते. म्हनते, उचल फिटली का धाडतो.”

ऊस संपल्यावर दोघांना वीटभट्टीवर नेले होते. पंधरा दिवसांनी फोन आला, तो भट्टीशेजारच्या एका ऊसवाल्याच्या मोबाईलवरून. शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर पोराला पाठ होता, म्हणूनच हे जमले. मग तहसीलदारांकडे अर्ज गेला.

उचल घेऊन टोळी पळाली म्हणजे काय होते, ते आम्हाला कोणी सांगायला नको. आमच्या शब्दावर दिलेली उचलही एकदा बुडाली आहे. पण माणूस अडकवून ठेवणे ही वसुली नव्हे. आगाऊ रकमेपोटी कुठे जाण्याचे वा दुसरे काम धरण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले, की १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारी होते. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद व २,००० रुपयांपर्यंत दंड. शिवाय ते कर्ज फेडण्याची जबाबदारीच उरत नाही. तेव्हा पैसाही जातो आणि अब्रूही.

मोबाईल बहुधा चार्जिंगच्या निमित्ताने हातातून जातो. कोपीत वीज नसते. मुकादम सगळ्यांचे फोन गोळा करतो आणि ते त्याच्याकडेच राहतात. आपल्या विहिरीवर मोटारीच्या पेटीजवळ एक बोर्ड लावून दिला तर कितीसा खर्च येतो? बाईने घरी बोलायला फोन मागितला तर द्यावा, आणि मुकादमाला जरा लांब उभे करावे.

११२ हा नंबर सर्वांसाठी, १८१ बायांसाठी, १०९८ लेकरांसाठी. तिन्ही फुकट आहेत. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या मोबाईलवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरले की मदतीचा फोन लागावा, असा नियमही आहे.

यंदा करारावर प्रत्येक कोयत्याचा स्वतःचा आणि त्याच्या घरचा असे दोन नंबर लिहून घ्यावेत. नुसता मुकादमाचा नंबर असलेला कागद शेतकी विभाग परत करील.